भिंतीपलीकडचा प्रश्न

"बायको काय करते?" असं फौजेतल्या युनिटमध्ये कुणी विचारलं की माझे मिस्टर "कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगतात. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्या म्हणतो. त्या शेजारणींना सांगतात, "थोरली टायपिंग करती." सांगलीला माहेरी आईनं बरीच वर्षं "तिचं काहीतरी ऑनलाइन आहे" म्हणून वेळ मारून नेली. यातलं कुणीच खोटं बोलत नाही. तरीही मी दिवसभर नेमकं काय करते हे आमच्या घरात कुणाला सांगता आलं नसतं. पुढं जे घडलं ते त्यातूनच घडलं.

माझ्या धंद्याचं इंग्रजी नाव व्हर्च्युअल असिस्टंट. मराठीत अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. मी लांबून काम करणारी मदतनीस आहे. एखाद्या डॉक्टरांना, क्लास चालवणाऱ्या सरांना, व्याख्यानं देणाऱ्या बाईंना पूर्ण वेळ माणूस ठेवणं परवडत नाही किंवा त्यांचं ऑफिसच नसतं. त्यांच्या ईमेलना उत्तरं देणं, भेटीच्या वेळा लावणं, तिकिटं काढणं, त्यांच्या पानावर फोटो टाकणं, त्यांच्या नावानं लेख लिहिणं ही सगळी कामं मी कोरेगावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून करते. तिथं पूर्वी बियाण्याच्या आल्याची पोती असायची. अजूनही पावसाळ्यात त्या खोलीला आल्याचा वास येतो.

लग्नाआधी मी सांगलीच्या एका दैनिकात पुरवणीचं पान बघायचे. शब्द जुळवायची सवय तिथली. इकडे आल्यावर तीच कामाला आली. फरक एवढाच की तिथं लेखाखाली कधीतरी माझं नाव यायचं. इथं नाव येणं म्हणजे काम चुकलं. माझं लिहिणं वाचून लोकांना गिऱ्हाईकच बोलतंय असं वाटलं पाहिजे, आणि गिऱ्हाइकालाही काही दिवसांनी हे आपणच लिहिलं असं वाटायला लागलं की समजावं, आपला हात बसला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. सांगलीच्या एका क्लासवाल्या सरांना शोकसंदेश तीन प्रकारचे लागायचे: जवळच्या माणसाचा, ओळखीतल्याचा आणि नुसत्या पालकाचा. कुणी गेलं की सरांचा निरोप यायचा, "दोन नंबरचा पाठवा." लोणंदच्या एका कारखानदारांनी तर मला बायकोसाठी नेमलं. रोज सकाळी बायकोला पाठवायला चार मायेचे शब्द मी लिहायचे आणि कारखानदार ते स्वतःच्या फोनवरून पाठवायचे. वहिनींची आवडनिवड मला सांगितलेली होती. त्यांना मोगरा आवडतो, त्यांची पाठ दुखते, माहेरचा विषय काढला की हळव्या होतात. मी मनापासून लिहीत होते. काही महिन्यांनी निरोप आला की आता थांबवा. मी विचारलं, आवडत नाहीत का? ते म्हणाले, "तसं नाही हो. तिला आता माझं समोरचं बोलणं खोटं वाटायला लागलंय."

त्या वेळी मी हा किस्सा हसत हसत सांगायचे.

या धंद्यात शिकायच्या गोष्टी मोजक्या आहेत. गिऱ्हाइकाच्या कुलपांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, आपल्याकडे असतात. किल्ली ज्या कामाला दिली त्याच कामाला वापरायची, तिच्यानं दुसरं काही उघडायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी ते देवाच्या शपथेसारखं पाळलं. दुसरी गोष्ट दाराची. घरून काम करणारी बाई घरातच असते, म्हणून ती रिकामी असते असं सगळे धरून चालतात. सिलिंडरवाला आला की हाक मलाच. मीटर बघायला माणूस आला, कुणाचा पाव्हणा आला, पोरांची व्हॅन चुकली, हाक मलाच. एकदा एका डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत असताना चुलतसासऱ्यांनी खोलीत येऊन चष्मा शोधायला लावला, आणि ते डॉक्टर नंतर मला पुन्हा कधी दिसले नाहीत. तेव्हापासून मी दार लावून बसायला लागले. बंद दाराचा आतून एक अर्थ असतो आणि बाहेरून दुसरा. हे कळायला मला फार उशीर झाला.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागून स्वयंपाकघर. भिंत एका विटेची. पलीकडे माझी धाकटी जाऊ संगीता असायची. तिचं नाव तिच्याच सांगण्यावरून इथं बदललंय. संगीता माण तालुक्यातली. तिच्या माहेरी मेंढरं होती, आता थोडी शेतीही आहे. बारावी झाली आणि आमच्याकडे आली. धाकटे दीर ऊस आणि आलं बघतात. सकाळी म्हशींच्या धारा, रानातल्या बायकांच्या भाकऱ्या, आत्यांच्या गुडघ्याचं औषधपाणी सगळं संगीताकडे. संध्याकाळचा स्वयंपाक आणि चारी पोरांचा अभ्यास माझ्याकडे. वाटणी बरोबरीची आहे असं मला वाटायचं. तिला काय वाटतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

माझ्याकडचं सगळ्यात मोठं काम मृदुलाताईंचं होतं. हेही नाव खरं नाही. ताई पाचगणीला राहायच्या आणि बायकांसाठी बोलायच्या. बंगल्याचा व्हरांडा, मागे सिल्व्हर ओकची झाडं, हातात मातीचा कप आणि तो आवाज. आवाज खरंच दैवी होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. "अगं, बस जरा" एवढं त्यांनी म्हटलं तरी ऐकणाऱ्या बाईचे खांदे सैल पडायचे. सासू-सून, जावा-जावा, नवऱ्याचा अबोला, पोरींची लग्नं असे त्यांचे विषय. त्या मला दोन-तीन शब्द पाठवायच्या आणि मी बोलणं लिहून द्यायचे. घर सांभाळणं हीच साधना, असा एखादा विषय आला तर तोही लिहायचे. लिहिलेल्या सगळ्यावर माझा विश्वास होता असं नाही, पण लिहिताना मी कधी हात आखडला नाही. सांगलीची माझी आजारी मामी, वसतिगृहात रडणाऱ्या मुली, फौजींच्या बायका, जे जे पाहिलं होतं ते सगळं त्यात घालायचे. ताई ते असं बोलायच्या की मलाच ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटायचं.

करार होता की मी त्यांच्यासाठी लिहिते हे कुणाला कळता कामा नये, घरातसुद्धा. मी तो पाळला. मग मजा अशी झाली की मी भिंतीच्या अलीकडे लिहिलेलं आठवडाभरानं पलीकडून परत यायला लागलं. आत्या मेथी निवडत आणि संगीता पीठ मळत ताईंचं ऐकायच्या. माझंच वाक्य भिंतीतून यायचं, आत्या "खरं हाय बाई" म्हणायच्या आणि मी खोलीत एकटीच खूश व्हायचे. एकदा संगीता मला म्हणाली, "अक्का, तुमी बी ऐकत जावा. लय चांगलं सांगत्यात त्या. जीव थारी बसतो." मी "वेळ मिळाला तर ऐकीन" म्हणाले आणि दार लावून घेतलं. ताईंच्या पुढच्या भागाला उशीर झाला होता.

दर बुधवारी दुपारी ताईंच्या गप्पा असायच्या. बायका फोनवरून जोडल्या जायच्या, हात वर करून प्रश्न विचारायच्या, ताई तिथल्या तिथं उत्तर द्यायच्या. कुणाला बोलू द्यायचं ते मी ठरवायचे आणि तिचा आवाज सुरू करायचे. शिवाय ताईंच्या कॅमेऱ्याखाली एक छोटा पडदा होता, त्यावर मी टाइप केलेलं उमटायचं. ताई प्रश्न ऐकता ऐकता डोळे किंचित खाली न्यायच्या आणि उत्तर द्यायच्या. समोरच्या बाईला वाटायचं, ताईंनी डोळे मिटून विचार केला.

त्या बुधवारी "एक भगिनी" अशा नावानं कुणी हात वर केला होता. चेहरा बंद होता. तसं बऱ्याच बायका करतात. मी आवाज सुरू केला. आवाज आधी भिंतीतून आला आणि मग माझ्या कानातल्या हेडफोनमधून.

"ताई, आमच्या घरात आमी दोघी जावा," संगीता म्हणाली. "थोरली कॉम्प्युटरवर काम करती म्हणं. सकाळी दार लावून बसती. म्हशी, भाकरी, सासूबाई, समदं मी बघती. ती शिकलेली हाय म्हणून तिला कोण काय बोलत न्हाई. दाराआड ती काम करती का नुसती बसती, मला कळत न्हाई ताई." मग ती थांबली. भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि ती हेडफोनमध्येही झाली. "पर मला इचारायचं ते येगळंच हाय. मला घरात लय एकटं वाटतं. तिच्याशी बोलावं वाटतं. पर दार बंद असतं."

ताईंचे डोळे खाली पडद्याकडे गेले. मी काही टाइप केलं नाही. ताई हसल्या आणि स्वतःच्या मनानं बोलल्या. त्या म्हणाल्या, अशा दार लावून बसणाऱ्या जावा हल्ली घरोघरी आहेत, काम नको असलं की लॅपटॉप उघडून बसायचं. "तू असं कर गं, एक दिवस वायफायचं बटण बंद करून टाक. बघ, दार आपोआप उघडतं की नाही."

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडला. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग ताईंनी उचलला आणि दुसरा तसाच खाली पडू दिला. भिंतीपलीकडे संगीताही हसली. मोठं माणूस हसलं की आपण हसतो, तशी हसली. मी तिचा आवाज बंद केला आणि पुढच्या बाईचा सुरू केला. तेच माझं काम होतं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. फार खुशीत होत्या. तेवढा तुकडा कापून वेगळा व्हिडिओ करायचा होता आणि त्यावर दोन चटकदार ओळी हव्या होत्या. मी म्हणाले की गप्पांमधलं बाहेर जाणार नाही असं आपण बायकांना सांगितलेलं असतं. ताई म्हणाल्या की नाव नाही, चेहरा नाही, आवाजही बदलून घेऊ. मी म्हणाले, मी हे करणार नाही. त्या चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडत नसत. "राहू दे, दमली असशील तू," म्हणाल्या आणि ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं. ती बाई कोण हे मी त्यांना सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर संगीताला मीच उघडं पाडलं असतं. म्हणून गप्प बसले.

व्हिडिओला नाव दिलं होतं, दार लावून बसणारी जाऊ. तो वाऱ्यासारखा पसरला. आवाज बदलला होता, बाहुलीसारखा चिरका केला होता. पण बोलण्याची लकब कुठून बदलणार? शिवाय मागं आमचा कुकर होता, आणि शेवटी एकदा आमची म्हैस रेकली होती. संगीतानं तो पहिल्यांदा कुठं पाहिला ते मला माहीत नाही. ती दोन दिवस घरात सावलीसारखी वावरली. भाकरी करपली, दूध उतू गेलं. आत्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

एका दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. मी दार उघडलं. संगीता उंबऱ्यावर पदर चाचपत उभी होती. आमच्या इतक्या वर्षांत तिनं ते दार पहिल्यांदा वाजवलं होतं.

"अक्का, कॉम्प्युटरवरचं एखादं पुसता येतं का?"

मी तिला आत घेतलं. तिनं सगळं सांगितलं, मला ठाऊक असलेलं सगळं, खाली बघत. माझ्याबद्दल काय बोलली तेही लपवलं नाही. "तुमी काय बी बोला मला," ती म्हणाली, "पर ह्यांच्या कानावर जायच्या आत ते पुसा." दीर मनानं वाईट नाहीत, पण घरातली गोष्ट बाहेर गेली की त्यांना खपत नाही. एकदा शेजारी कुणी आमच्या पाण्याच्या पाळीवरून बोललं, तर त्यांनी त्या घराशी अजून संबंध ठेवलेला नाही. मी संगीताला बघते म्हणाले. तेव्हाच तिला सांगायला हवं होतं की त्या बुधवारी मी तिथं होते. करार आठवला, आणि तिचा चेहरा बघून धीरही झाला नाही.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले. ताईंच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. बोटानं एक बटण दाबलं असतं तर व्हिडिओ गेला असता आणि ताईंना संध्याकाळपर्यंत पत्ताही लागला नसता. मी दाबलं नाही. त्या दुपारी तो धंद्याचा नियम मला स्वतःपेक्षा मोठा वाटला. आता वाटतं, नियम पाळणाऱ्या माणसाला नियमाचा आधार फार लागतो. दुसऱ्या दिवशी आत्यांना साताऱ्याला जाऊन येते सांगून निघाले. सातारा, वाई आणि पसरणीचा घाट करत दुपारच्या आत पाचगणीला पोचले.

मृदुलाताईंना मी तोवर समोरासमोर भेटले नव्हते. त्यांनी दारातच मिठी मारली. पडद्यावर वाटायच्या त्यापेक्षा त्या बुटक्या होत्या. व्हरांडाही पडद्यावर दिसायचा तेवढाच होता. त्या कोपऱ्याच्या बाहेर कपडे वाळत होते आणि त्या विकत असलेल्या धूपकाड्यांचे खोके रचले होते. स्वयंपाकाच्या बाईंनी चहा आणला. मी जास्त प्रस्तावना केली नाही. सांगितलं, त्या व्हिडिओतली बाई माझी जाऊ आहे, आणि दार लावून बसणारी ती मी.

ताईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते नाटक नव्हतं. मला वाटलं, आता काम झालं.

"अगं, मग तुम्ही दोघी इथे या ना," त्या म्हणाल्या. "समोरासमोर बसा. मी मध्ये बसते. दोघींनी मनातलं बोलायचं, रडायचं. काय सुंदर भाग होईल तो."

मी म्हणाले, ताई, तो व्हिडिओ काढा. त्या म्हणाल्या, तो आता माझा कुठे राहिलाय, तो बायकांचा झालाय, कितीजणी मला कळवतायत की हे आमच्याच घरातलं आहे म्हणून. मी पुन्हा तेच म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच, आणखी गोड आवाजात सांगितलं. मग मी पिशवीतून फोन काढला, त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "मी काढतेय. तुमच्यादेखत काढतेय. नंतर सगळे पासवर्ड बदलून घ्या." आणि तो काढून टाकला.

तेव्हा ताईंचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्यात राग नव्हता, गोडवाही नव्हता. "तुझ्या शब्दांना माझा आवाज नसता," त्या म्हणाल्या, "तर ते कुणी ऐकलं असतं?"

घाट उतरताना मी त्याला उत्तर शोधत होते. एसटीत खिडकीशी एक बाई स्ट्रॉबेरीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक वळणाला ती दोन्ही हातांनी सांभाळत होती. ताई बरोबर बोलल्या होत्या, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

घरी पोचले तर आत्या ओसरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या फोनवर तो चिरका आवाज चालू होता. मूळ व्हिडिओ मी पुसला होता, पण तोवर लोकांनी तो उतरवून एकमेकांना पाठवलेला होता. दिरांच्या भावकीतल्याच एका मित्रानं तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला होता, गंमत म्हणून. आत्यांनी मला बघितलं, फोन उलटा ठेवला आणि एवढंच विचारलं, "आपलीच म्हस हाय ना ही?"

पुढचे दिवस वाईट गेले. दीर ओरडले नाहीत. त्यांनी संगीताचा फोन काढून घेतला आणि तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायला रानात डबा मागवायला लागले. ते तिच्याशी बोलत नव्हते आणि ती माझ्याशी नजर मिळवत नव्हती. मी मिस्टरांना फोनवर सांगितलं. त्यांना वाटलं, जावाजावांचं भांडण आहे. "जुळवून घ्या दोघी," म्हणाले. शेवटी आत्यांनीच एका सकाळी दिरांच्या शर्टाच्या खिशातून तो फोन काढला आणि सगळ्यांसमोर संगीताच्या हातात दिला. "ती बाहिर बोलली," त्या मुलाला म्हणाल्या, "कारण घरात तिला कुणी इचारलं न्हाई. त्यात म्या बी आले, तू बी आलास." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

इकडे माझं काम आटलं. ताईंनी माझ्याबद्दल एक शब्दही खोटा सांगितला नाही. त्या एवढंच म्हणाल्या की हिनं माझ्या खात्यातून माझीच वस्तू मला न विचारता काढून टाकली. हे खरं होतं. आमच्या धंद्यात माणूस माणसाला नाव सुचवतं, त्यावर सगळं चालतं. जिच्या हाती किल्ल्या द्यायच्या तिच्याबद्दल असं ऐकल्यावर कोण देणार? क्लासवाल्या सरांनीही हळूहळू निरोप थांबवले. त्यांना म्हणे आता तिन्ही प्रकारचे संदेश यंत्र लिहून देतं. खरं तर हल्ली माझं बरंचसं काम तेच आहे. यंत्रानं लिहिलेलं माझ्याकडे येतं आणि मी त्याला माणसात आणते. वाक्यं मोडायची, एखादा गावठी शब्द घालायचा, कुठंतरी थोडं अडखळायचं. अडखळण्याचे मला आता पैसे मिळतात.

ताईंचं चालूच आहे. बुधवारच्या गप्पाही आहेत. त्यांना दुसरी कुणी लिहून देते, आणि बरं लिहिते. मी कधीतरी ऐकते. व्हरांडा बदललाय, आता मागं तळं दिसतं.

संगीताला खरं सांगायला मी बरेच दिवस लावले. ताईंशी आता काही नातं उरलेलं नव्हतं, मग करार तरी कुणासाठी पाळायचा? दुपारची वेळ होती. आत्या देवळात गेल्या होत्या. संगीता सगळ्यांचं उरकून एकटीच जेवायला बसली होती. माझं मघाशीच झालं होतं, खोलीत, काम करता करता. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं. ताईंसाठी मी काम करायचे. त्या दिवशी तिचा आवाज सुरू करणारी मी होते.

तिचा घास हातातच राहिला. "म्हंजी तवा तुमी ऐकत व्हता?"

"हो."

"पलीकडं बसून?"

"हो."

तिनं घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ती बोलेल, ओरडेल. मी त्याची तयारी करून आले होते. पण ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती. "आन त्या ताई सांगायच्या ते समदं?" तिनं विचारलं.

"ते मी लिहायचे."

"शेवटी जेवणाऱ्या बाईजवळ घरातल्या कुणीतरी बसावं, तिच्या ताटात काय उरलंय ते बघावं, ते बी?"

तो भाग मला आठवत होता. पुष्कळ बायकांनी तो एकमेकींना पाठवला होता. लिहिताना माझे स्वतःचे डोळे ओले झाले होते. मी मान हलवली.

"त्या दिशी मी हितं बसून लय रडले व्हते," संगीता म्हणाली. "वाटलं, पाचगणीला बसून त्या बाईला कसं कळलं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "अक्का, इतकं येत व्हतं तुमाला, तर त्यातलं एक तरी मला का न्हाई म्हणालात?"

सगळ्या जगाला मी आजवर शब्द पुरवले. तिच्यासमोर मी फक्त ताटात काय उरलंय ते बघितलं. तिनं ताट उचललं आणि उरलेली भाकरी म्हशीला घालायला ती बाहेर गेली.